बिल कुणाच्या नावानं निघतं?

प्रश्न : माझी लेक लेस्टरला हिशेबाच्या कंपनीत नोकरी करते. तिला तिकडं पाठवायला आम्ही उदगीरचा प्लॉट विकला. व्हिसा काढताना आरोग्य अधिभार म्हणून वर्षाला १,०३५ पौंड आगाऊ भरावे लागले. पगारातून कर कापला जातो तो वेगळाच. उद्या नोकरी गेली तर सरकारी मदतीवर तिचा हक्क नाही, हे तिच्या व्हिसाच्या अटीतच आहे. तिच्या बसच्या रस्त्यावर एक हॉटेल आहे, तिथं आश्रय मागायला आलेले लोक राहतात. राहणं-खाणं सगळं सरकारी. परवा फोनवर म्हणाली, "बाबा, आम्ही रांगेत उभं राहून आलो ही आमची चूक झाली का?" मला उत्तर सुचलं नाही. तिची चीड चुकीची आहे का?
— एक वडील, उदगीर

उत्तर : भाऊ, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. तुमच्या लेकीची चीड खरी आहे. तिनं पैसे भरले, कागद जमवले, परीक्षा दिल्या, वाट बघितली. अशा माणसाला समोरच्याचं फुकटचं दिसलं की पोटात कालवतं. फक्त त्या हॉटेलावरचा पैसा नेमका कुठं जातो ते आपण आधी बघू.

मी महसूल खात्यात ३४ वर्षं काढली. कारकून म्हणून लागले, नायब तहसीलदार म्हणून निवृत्त झाले. कुठलाही खर्च समोर आला की तो कुणासाठी झाला हे नंतर, बिल कुणाच्या नावानं निघालं हे आधी बघायचं, ही सवय तेव्हापासून अंगात आहे. ती मला भूकंपानं लावली.

३० सप्टेंबर १९९३. गणपती विसर्जनाची रात्र सरत आलेली, पहाटेचे ३ वाजून ५६ मिनिटं. मी तेव्हा उमरगा तालुक्यात होते. चौथ्या दिवशी आम्हाला सास्तूरला नेलं. माळवदाची घरं, हातभरापेक्षा जाड दगडमातीच्या भिंती, वर मातीचा थर. ते सगळं झोपलेल्या माणसांवर बसलं होतं. लातूर-उस्मानाबाद मिळून जवळपास ८ हजार माणसं गेली. उरलेल्यांना पत्र्याची शेडं बांधून दिली आणि माझ्याकडं एका भागातल्या शेडांची नोंदवही आली. शेड क्रमांक, कुटुंबप्रमुख, माणसं किती, गेलेली किती. तो शेवटचा रकाना भरताना बायका माझ्याकडं बघायच्या नाहीत, वहीकडं बघायच्या.

शेडं तात्पुरती होती. पण गाव कुठं हलवायचं, जमीन कुणाची घ्यायची, कुणाला केवढं घर हे ठरायला वेळ गेला. भूमिहीन नि छोट्या शेतकऱ्यांना २५० चौरस फूट, मधल्यांना ४००, मोठ्यांना ७५०. अशी ५२ गावं नव्या जागी उभी राहीपर्यंत कितीतरी कुटुंबांनी पत्र्याखाली दोन-तीन उन्हाळे काढले. वैशाखात त्या शेडात दुपारी लेकरू निजवता यायचं नाही. वावटळ आली की पत्रे उडायचे आणि पुन्हा बसवण्याचं बिल यायचं. टँकरचं बिल, मुरमाचं बिल. ती बिलं माझ्या टेबलावरून पुढं गेली आहेत. त्याच दिवसांत बाजारात लोक बोलायचे, "भूकंपवाल्यांचं बरंय, सगळं फुकट." त्या बिलांमधला एक रुपयाही शेडातल्या बाईच्या पदराला बांधलेला मी बघितला नाही. बिल ठेकेदाराच्या नावानं निघत होतं.

तेच २०१९ च्या दुष्काळात. बीड जिल्ह्यात चारा छावण्या तपासायला मी होते. मोठ्या जनावरामागं दिवसाला ९०, पुढं १०० रुपये, आणि ते छावणीचालकाच्या खात्यात. शेतकरी तिथं बैलाशेजारी गोणपाटावर झोपायचा. लांबच्या शहरांतली मंडळी मात्र विचारायची, शेतकऱ्यांना सगळं फुकट कशाला?

आता लेकीच्या रस्त्यावरचं हॉटेल घ्या. ब्रिटनमध्ये १९९९ चा कायदा आहे. आश्रयाचा अर्ज केलेला माणूस निराधार असेल तर त्याला निकालापर्यंत छप्पर आणि थोडी रक्कम द्यायची. छपराचं काम सरकार स्वतः करत नाही. २०१९ मध्ये सर्को, मिअर्स नि क्लिअरस्प्रिंग्ज या तीन कंपन्यांना प्रदेश वाटून १० वर्षांचे ठेके दिले. या ठेक्यांचा सुरुवातीचा अंदाज ४५० कोटी पौंडांचा होता. मे २०२५ मध्ये तिथल्या राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयानं, म्हणजे आपल्या कॅगसारख्या संस्थेनं, हा आकडा १,५३० कोटींवर जाईल असं सांगितलं. तिपटीहून जास्त. त्यातला मोठा वाटा हॉटेलांचा. २०२४-२५ मध्ये सरकारी निवाऱ्यातल्या लोकांपैकी साधारण एक तृतीयांश हॉटेलात होते, पण ठेक्यांच्या खर्चातला तीन चतुर्थांश त्यांच्या नावावर पडत होता. हॉटेलात माणशी रात्रीला सुमारे १४५ पौंड. तोच माणूस भाड्याच्या साध्या घरात ठेवला तर २५ पौंडांच्या आत.

आणि त्या माणसाच्या हातात काय? जेवण देणाऱ्या हॉटेलात राहणाऱ्याला आठवड्याला १० पौंडांपेक्षा कमी. दिवसाला दीड पौंडही पडत नाही. तुमची लेक कामाला जाताना बसला किती देते ते तिला विचारा.

हॉटेलं लागली कशी, तेही सांगते. २०२० च्या आधी ती क्वचितच लागत. मग करोना आला. इंग्लिश खाडी छोट्या बोटींनी ओलांडणारेही वाढले. २०१८ मध्ये ते ३०० च्या आत होते, २०२२ मध्ये ४५ हजारांच्या वर गेले. पण माझ्या मते खरी गोष्ट टेबलावर घडली. अर्जांचे निकाल लागेनात. जून २०२३ मध्ये पहिल्या निकालाची वाट बघणारे १ लाख ७५ हजार लोक साचले होते. आमच्या खात्यात याला पेंडन्सी म्हणतात. त्याच सप्टेंबरात ५६ हजार माणसं हॉटेलात होती आणि दर रात्रीचं भाडं चढत होतं. २०२३-२४ या एका वर्षात नुसत्या हॉटेलांवर ३०० कोटी पौंडांहून जास्त गेले. पुढं निकालांना गती आली, काही हॉटेलं बंद केली, तेव्हा २०२४-२५ चा आकडा २१० कोटींवर आला. तरी रोजचे ५७ लाखांवर.

मराठवाड्यात हे वेगळं समजावून सांगायला नको. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं, तेव्हा मी स्टेशनवर गेले होते. ५ लाख लिटर पाणी जवळपास साडेतीनशे किलोमीटरवरून वाघिणींतून. ते पाणी पिणाऱ्या लातूरकरानं चैन केली असं कुणी म्हणालं असतं तर आपण ऐकून घेतलं असतं का? पाइपलाइन वेळेत झाली नाही की टँकर लागतो. निकाल वेळेत लागला नाही की हॉटेल लागतं. दोन्हीकडं भाडं घेणारा खूश असतो आणि शिव्या पाणी पिणाऱ्याला बसतात.

आता तुमच्या लेकीचा मुद्दा. तिच्याकडून अधिभारही घेतात आणि करही घेतात. एकाच दवाखान्यासाठी दोनदा पैसे दिल्यासारखं ते आहे, आणि तिनं त्याबद्दल जरूर बोलावं. पण हॉटेलं उद्या रिकामी झाली तरी तिचे १,०३५ पौंड परत येणार नाहीत. तो अधिभार २०१५ पासून आहे, हॉटेलं एवढी लागण्याच्या कितीतरी आधीपासून, आणि तेव्हापासून तो वाढतच आला आहे. ब्रिटनचा एकूण सरकारी खर्च वर्षाला १ लाख २० हजार कोटी पौंडांच्या वर आहे. २०२४-२५ मध्ये आश्रयार्थींच्या निवाऱ्यावर नि मदतीवर मिळून सुमारे ४०० कोटी गेले. शंभर रुपयांत ३३ पैसे धरा. ४०० कोटी पौंड म्हणजे थोडा पैसा नव्हे, आणि तो वाया गेला तर राग यायलाच हवा. ऑक्टोबर २०२५ मध्ये तिथल्या संसदीय समितीनंही या कारभारावर कडक ताशेरे ओढले. पण त्या ३३ पैशांमुळं आपल्या ताटातलं गेलं असं जेव्हा कुणी सांगतं, तेव्हा उरलेल्या ९९ रुपये ६७ पैशांचा हिशेब मागायचा राहून जातो.

अजून एक गोष्ट मला फार लागली. यातला बराच पैसा ब्रिटननं परदेशांना द्यायच्या विकास मदतीतून खर्ची घातला. आंतरराष्ट्रीय नियमानं पहिल्या वर्षाचा खर्च तसा दाखवता येतो. २०२३ मध्ये त्या मदतीतले ४३० कोटी पौंड, म्हणजे २८ टक्के, ब्रिटनमध्येच खर्च झाले. ज्या देशांतून माणसं पळून येतात तिथल्या दवाखान्यांसाठी नि शाळांसाठी असलेल्या निधीतून इंग्लंडमधल्या हॉटेलांचं भाडं गेलं.

तिथल्या रहिवाशांना मी सरसकट वाईट म्हणणार नाही. गावातलं एकुलतं एक हॉटेल, जिथं लग्नं व्हायची, ते एका सकाळी बंद होतं आणि कुणी विचारतसुद्धा नाही. इंग्लंडमध्ये १ लाख २० हजारांहून जास्त स्थानिक कुटुंबं स्वतःच तात्पुरत्या निवाऱ्यात राहतात. त्यातल्या एखाद्या आईनं चिडून प्रश्न विचारला तर तो तिचा हक्क आहे. एपिंग गावात २०२५ च्या उन्हाळ्यात हॉटेलासमोर मोर्चे निघाले. ऑगस्टमध्ये उच्च न्यायालयानं तिथं आश्रयार्थींना ठेवायला मनाई केली आणि दहाच दिवसांत वरच्या न्यायालयानं ती मनाई उठवली. हा कायद्याचा रस्ता झाला. पण त्याच्या आदल्या वर्षी रॉदरहॅमजवळ आत माणसं असताना हॉटेलाला आग लावायचा प्रयत्न झाला. त्याचं निमित्त असं : साउथपोर्टला तीन लहान मुलींचा खून झाला आणि खुनी बोटीतून आलेला आश्रयार्थी आहे अशी अफवा पसरली. तो मुलगा कार्डिफमध्ये जन्मलेला होता. लेकीला एवढंच सांगा : मोर्चा दिसला तर दुसऱ्या रस्त्यानं जा. त्या गर्दीला व्हिसाच्या रांगेतून आलेली नि बोटीतून आलेली यांतला फरक तोंडावरून कळत नाही.

प्रश्न : नववीच्या वर्गात बातम्यांवर बोलताना मुलांनी विचारलं, आश्रयार्थी, निर्वासित आणि घुसखोर यांत फरक काय? आणि आपल्या देशानं असा खर्च कधी केला का? मला नीट सांगता आलं नाही.
— शिक्षिका, हिंगोली

उत्तर : बाई, मुलांना अर्जाच्या भाषेत सांगा. ज्यानं "माझ्या देशात माझ्या जिवाला धोका आहे, मला राहू द्या" असा अर्ज केला आणि निकाल यायचा आहे, तो आश्रयार्थी. अर्ज मंजूर झाला की तो निर्वासित. नामंजूर झाला, अपीलही फेटाळलं, तरी राहिला तर तो बेकायदा. प्रकरण टेबलावर असताना अर्जदाराला खोटारडा म्हणणं किंवा खरा म्हणणं, दोन्ही घाईचं आहे. ब्रिटनमध्ये २०२२ साली पहिल्या निकालात दर चारांतल्या साधारण तिघांचा अर्ज मंजूर झाला. २०२५ च्या मध्यापर्यंत ते प्रमाण निम्म्यावर आलं. ज्याचा दावा टिकला नाही त्यानं परत जावं, हे मी मानते. पण ते ठरवायला दोन वर्षं लावू नयेत.

भारत १९५१ च्या निर्वासितांच्या करारात सामील नाही. तरी आपण जेवढी माणसं सांभाळली तेवढी फार थोड्या देशांनी सांभाळली. १९७१ मध्ये पूर्व पाकिस्तानातून जवळपास १ कोटी माणसं आली. मी तेव्हा ९ वर्षांची होते. नोव्हेंबरपासून पत्रावर ५ पैशांचं जादा तिकीट लावावं लागायचं, निर्वासितांच्या मदतीसाठी. आमचे वडील महिन्याला चार-पाच पत्रं लिहायचे आणि ते तिकीट लावायचं काम माझं. आई एकदा म्हणाली, पाच पैशांत कोथिंबिरीची जुडी येते. वडील काही बोलले नाहीत, तिकीट माझ्याकडं सरकवलं. वर्गात मुलांना हे सांगा. पत्रामागं ५ पैसे, १९७३ पर्यंत.

महाराष्ट्रातलंच उदाहरण हवं असेल तर गोंदिया जिल्ह्यात गोठणगावला तिबेटी लोकांची वसाहत आहे. श्रीलंकेतून आलेल्या तमिळांच्या छावण्या तमिळनाडूत १९८० च्या दशकापासून आहेत. २०२१ मध्ये त्या राज्यानं त्यांच्यासाठी ३१७ कोटींची योजना जाहीर केली, त्यात ७,४६९ नवी घरं. म्हणजे तात्पुरतं म्हणून बांधलेल्या खोल्यांमध्ये माणसांच्या दोन पिढ्या गेल्यावर पक्की घरं आली.

आणि मुलांना हेही सांगा की आपण मराठवाड्यातली माणसंसुद्धा कधीकाळी आश्रय मागायला गेलो आहोत. १९४८ च्या उन्हाळ्यात रझाकारांच्या भीतीनं माझी आजी भूम तालुक्यातून रातोरात बैलगाडीनं बार्शीला गेली. बार्शी मुंबई इलाख्यात, म्हणजे निजामाच्या हद्दीबाहेर. एका जिनिंगच्या शेडात तिनं चार महिने काढले. धान्याच्या रांगेत एक बाई तिला म्हणाली, "तुम्ही मोगलाईतनं आलात नि आमची ज्वारी महागली." दुसऱ्या एका बाईनं तिला एक पितळी पातेलं दिलं, ते पुढं आमच्या घरात चाळीस वर्षं होतं. दोघींची नावं आजीला माहीत नव्हती, पण गोष्ट सांगताना ती दोघींनाही वगळायची नाही. सप्टेंबरात पोलीस कारवाई झाली आणि आजी परत आली, तर शेजारचं मुसलमान कुटुंब गाव सोडून गेलेलं. त्या महिन्यांत मुसलमानांवर काय गुदरलं ते केंद्र सरकारनं पाठवलेल्या सुंदरलाल समितीनं लिहून ठेवलंय; उस्मानाबाद, बीदर, गुलबर्गा नि नांदेड हे सगळ्यात होरपळलेले जिल्हे. नववीच्या मुलांना हे झेपतं. मलाही त्या वयात झेपलं होतं.

प्रश्न : हे लोक तरुण आहेत, धडधाकट आहेत. मग हॉटेलात बसून का खातात? कामाला का लावत नाहीत?
— पदवीचा विद्यार्थी, अंबाजोगाई

उत्तर : बाळा, त्यांना काम करायला बंदी आहे. ब्रिटनमध्ये अर्ज करून १२ महिने झाले, उशीर त्याच्या चुकीनं झालेला नसला, तरच कामाची परवानगी मागता येते, आणि तीही सरकारनं ठरवलेल्या यादीतल्या कामांपुरती. २००२ च्या आधी सहा महिन्यांनी परवानगी मागता यायची, ती सोय काढून घेतली. जर्मनीत साधारण तीन ते सहा महिन्यांत दार उघडतं.

बंदीमागचा युक्तिवाद असा की काम मिळतं म्हटल्यावर अजून लोक येतील. त्यात तथ्य नाही असं मी म्हणणार नाही. पण माणसाला कमवू द्यायचं नाही, मग तो कमवत नाही म्हणून त्याच्यावर खर्च करायचा, आणि मग तो खर्च होतो म्हणून त्याला ऐतखाऊ म्हणायचं, हे मला पटत नाही. भूकंपाच्या शेडात दिवसभर बिडी ओढत बसलेले बापे मी बघितले. रोजगार हमीचं काम सुरू झाल्याच्या दुसऱ्या दिवशी तीच माणसं फावडं घेऊन उभी होती. त्यातला एक गवंडी मला म्हणाला होता, "बाई, घर मी बांधतो, मला फक्त दगड-सिमेंट द्या." त्याचं घर शेवटी ठेकेदाराच्याच माणसांनी बांधलं.

प्रश्न : तुम्ही लंडनच्या हॉटेलातल्या लोकांवर लिहिता असं मला संपादकांकडून कळलं. आम्ही नवरा-बायको सहा महिने पश्चिम महाराष्ट्रात ऊसतोडीला असतो. पाचटाच्या कोपीत राहतो. कोपीला दार नाही, संडास नाही, दिवा नाही. लेकरू बरोबर नेलं तर त्याची शाळा बुडते. आमच्या छपरावर कुणी किती खर्च केला? परक्या देशातल्या परक्या माणसांची काळजी करण्याआधी आमची कोपी तुम्हाला दिसत नाही का?
— धारूर तालुक्यातली एक वाचक

उत्तर : ताई, दिसते. नोकरीत असताना मी कोपीत बसून चहा प्यायले आहे. वाकून आत जावं लागतं आणि आत गेल्यावर उभं राहता येत नाही. रात्री दोनला गाडी भरायला उठायचं, तान्हं लेकरू फडाच्या कडेला झोळीत. तुमचं पत्र मी सगळ्यात शेवटी घेतलं, कारण त्याचं उत्तर द्यायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला.

तुम्ही विचारलंत कोपीवर कुणी किती खर्च केला. कोपीवर कुणी खर्च करत नाही. कोयत्याची, म्हणजे जोडप्याची, आगाऊ उचल देताना मुकादम राहण्याचा शब्द काढत नाही, कारखाना म्हणतो मजूर मुकादमाचा, आणि मुकादम म्हणतो जागा कारखान्याची. तीन टेबलं, आणि तुमचं छप्पर कुठल्याच टेबलावर नाही. ऊसतोड कामगारांसाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावानं महामंडळ झालंय. गाळपाच्या टनामागं कारखान्याकडून १० रुपये आणि तेवढेच सरकारकडून त्यासाठी ठरलेले आहेत. तो पैसा ऊस ज्यांनी तोडला त्यांच्या राहण्यावर दिसला पाहिजे. हे मी आधीही या सदरात लिहिलंय, पुन्हा लिहिते.

पण एक मागणं आहे. तुमची कोपी आणि त्यांचं हॉटेल एकमेकांसमोर उभं करू नका. लंडनच्या हॉटेलाचा एक पौंडही वाचला तर तो फडावर येणार नाही. उलट तुमच्याबद्दलही तसंच बोललं जातं, हे तुम्ही ऐकलं असेल. ज्या गावाबाहेर तुमच्या कोप्या पडतात तिथं काही लोक म्हणतात की बीडवाले आले, पाणी संपलं, घाण झाली, चोऱ्या वाढल्या. आपलं गाव सोडून दुसऱ्याच्या गावात पाल टाकणाऱ्या माणसाला काय काय ऐकावं लागतं ते तुमच्याइतकं कुणाला कळणार? म्हणून तुमचं पत्र वाचताना मला वाईट वाटलं. तुमच्यावर राग नाही आला.

आता तुमच्या लेकराचं बघू. गावातच आजी-आजोबांपाशी राहणाऱ्या ऊसतोड मजुरांच्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहं चालतात, सकाळ-संध्याकाळ जेवण आणि शाळा. त्याचा प्रस्ताव शाळा व्यवस्थापन समितीकडून वेळेत जावा लागतो. बऱ्याच गावांत तो टोळी निघून गेल्यावर जातो, म्हणजे लेकरं फडावर पोचल्यावर. शिवाय संत भगवानबाबांच्या नावानं २०२१ पासून मुला-मुलींच्या निवासी वसतिगृहांची योजना आहे, ती पाचवीपासून पुढं. तुमचं लेकरू कितवीत आहे ते पत्रात नाही.

उद्या शाळेत जाऊन मुख्याध्यापकांना विचारा : यंदाचा प्रस्ताव गेला का, आणि जावक क्रमांक काय? "गेलाय" एवढ्यावर परत येऊ नका, जावक क्रमांक लिहून घ्या. गेला नसेल तर संपादकांना फोन करा, तुमचा पत्ता त्यांच्याकडं आहे. दसऱ्याच्या आधी मी धारूरला येते. तुम्ही, मी आणि समितीतली एखादी आई, तिघी मिळून गटशिक्षणाधिकाऱ्यांकडं जाऊ. येताना मुलाचा दाखला, रेशन कार्ड आणि गेल्या हंगामातली तोडीची एखादी स्लिप असली तर ती बरोबर घ्या.